हिशेब न ठेवणारं पोस्टकार्ड

जपानहून परदेशी गेलेल्या जुन्या पोस्टकार्डांवर फ्रेंचमध्ये ‘कार्त पोस्ताल’ असं छापलेलं दिसतं. ती जागतिक टपाल संघाची खूण. जपान त्यात १८७७ साली आला. संघाचा नियम असा, की तिकिटाचे पैसे पाठवणाऱ्या देशाने ठेवायचे. कार्ड घरपोच देणाऱ्याने वाटा मागायचा नाही. पत्राला उत्तर येतंच, म्हणजे हिशेब आपोआप जुळतो! पुढे जावक-आवक टपालात तफावत वाढली आणि १९६९ च्या टोकियो अधिवेशनात वाटणी ठरली. कॉमर्सवालीला ते पटतं. पण क्षमावाणीची कार्डं लिहिताना मी जुनाच नियम धरते. थोरल्या जाऊबाईंचं उत्तर सहा वर्षांत आलेलं नाही. यंदाही त्यांचं कार्ड पहिलं टाकलं.

जय जिनेंद्र.