धुराडे नसलेल्या घरातील मोजा

आगमनकाळात धर्मग्रामातील कुटुंबांना भेटी देण्याचा आमचा जुना परिपाठ आहे. अलीकडे या भेटींत गव्हाणीच्या आसपास पांढऱ्या काठाचे लाल पायमोजे टांगलेले दिसू लागले आहेत. कुठे ते दूरचित्रवाणी संचाखाली लोंबत असतात, कुठे फ्रिजच्या मुठीला अडकवलेले असतात. त्या घरची गृहिणी बहुधा किंचित ओशाळून म्हणते, “फादर, आपल्याकडे फायरप्लेस नाही ना, म्हणून इथंच लावले.” घरातील आजोबांचा चेहरा मात्र वेगळेच काही सांगत असतो. गव्हाणी आपली, पण हे मोजे कुणाचे, असा त्यांचा रोकडा सवाल असतो.

आजोबांचा मान राखूनही सांगावयास हवे की, गव्हाणीदेखील आपल्या मातीत उगवलेली नाही. १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो या खेड्यात संत फ्रान्सिस असीसीकर यांनी बैल, गाढव व गवत आणून ख्रिस्तजन्माचा देखावा मांडला. तेथून तो जगभर गेला आणि आपल्या ओसरीवर येऊन आपला झाला. तेव्हा मोज्याला परकेपणाच्या एका मुद्द्यावर हाकलून देणे आम्हांस पटत नाही. त्याची चौकशी करावी, घराणे विचारावे, मग काय ते ठरवावे.

घराणे मोठे आहे. चौथ्या शतकात आशिया मायनरमधील मायरा नगरीत (आजच्या तुर्कस्तानातील देमरे) संत निकोलस हे बिशप होऊन गेले. त्यांचे अवशेष १०८७ साली इटलीतील बारी येथे नेण्यात आले व ६ डिसेंबर हा त्यांचा सण आजही पाळला जातो. त्यांच्या चरित्राविषयी खात्रीने सांगण्याजोगे फार थोडे उरले आहे. परंतु एक आख्यायिका शतकानुशतके टिकून राहिली. एका खानदानी गृहस्थाचे दिवस फिरले. पदरी तीन उपवर कन्या, हुंड्याला पैसा नाही. आणि उपासमारीपुढे हतबल झालेला तो बाप मुलींना अब्रू विकावयास लावण्याच्या विचारापर्यंत येऊन ठेपला. तरुण निकोलसला हे कळले. आईवडिलांमागे त्याच्याकडे संपत्ती आली होती. रात्रीच्या अंधारात त्याने सोन्याची थैली त्या घरात टाकली. थोरलीचे लग्न झाले. पुन्हा एक थैली पडली, मधलीचे झाले. तिसऱ्या खेपेस बाप जागा राहिला, धावत गेला व त्याने दात्याला गाठले. तेव्हा निकोलसने त्याच्याकडून एकच वचन घेतले: आपण जिवंत असेतो हे कुणाला सांगावयाचे नाही.

आता ती थैली कोठून टाकली? जुन्या कथनात धुराडे नाही. थैली पडते ती खिडकीतून. पंधराव्या शतकातील चित्रकार फ्रा अँजेलिको यांचे या प्रसंगाचे चित्र व्हॅटिकनच्या चित्रसंग्रहालयात आहे. त्यातही संत निकोलस खिडकीपाशीच उभे आहेत. धुराडे आणि मोजा मागाहून आले. हॉलंडमधील मुले संताच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी बूट मांडून ठेवतात व त्याच्या घोड्यासाठी त्यात गाजर घालतात. अमेरिकेत १८१० साली न्यूयॉर्कमध्ये संत निकोलसाचे जे चित्र छापले गेले, त्यात शेकोटीपाशी टांगलेले मोजे दिसतात. १८२३ साली त्याच राज्यातील ट्रॉय येथील वृत्तपत्रात एक निनावी कविता प्रसिद्ध झाली आणि धुराड्यातून उतरणारा संत घराघरांत पोहोचला. थंड मुलखात ते स्वाभाविकच होते. शेकोटी हेच घराचे ऊबदार स्थान. ओले मोजे वाळत पडायचे तेही तेथेच.

आमच्या वसईकडच्या जुन्या कौलारू घरांत चुलीचा धूर कौलांच्या फटींतून वाट काढीत असे. धुराडे नव्हते, पण भिंतीत लाकडी खुंटी होती आणि खिडकीला गज होते. आज सदनिकांमध्ये खुंटी गेली. गज मात्र ग्रिलच्या रूपाने राहिले आहेत. म्हणून ओशाळणाऱ्या भगिनींना आम्ही सांगतो की, मोजा खिडकीलाच बांधा, तीच त्याची मूळ जागा. एका गजापासून दुसऱ्यापर्यंत सुतळी ताणावी व कपडे वाळत घालण्याच्या चिमट्यांनी मोजे अडकवावेत. भिंतीत खिळे ठोकण्याच्या भरीस पडू नये, गिलावा उडतो व यजमानांचा पाराही चढतो. गव्हाणीपुढील मेणबत्तीपासून मोजे दूर असावेत, हे वेगळे सांगणे नलगे. लाल मखमलीचेच हवेत असेही नाही. शाळेचा धुतलेला मोजा पुरतो.

जागेचा प्रश्न असा सुटतो. आम्हांस घोर लागतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. निकोलसने जे वचन घेतले, त्याचे आपण काय केले? २०२० साली टाळेबंदीत जहाजांवरची, हॉटेलांतली नोकरी गेलेली कितीतरी माणसे घरी बसली होती. धान्याच्या पिशव्या वाटल्या गेल्या. त्या वाटणाऱ्यांचे ऋण आम्ही नाकारीत नाही. पण पिशवीबरोबर छायाचित्रही काढले जाई आणि सायंकाळपर्यंत ते गावभर फिरे. एक विधवा भगिनी आम्हांस म्हणाली, “फादर, तांदूळ आठ दिवसांत संपले. फोटो अजून लोकांच्या मोबाईलमध्ये आहे.” डोंगरावरील प्रवचनात प्रभूने डाव्या हाताविषयी जे सांगितले, ते आम्ही वेदीवरून अनेकदा वाचले आहे. त्या दिवशी तिच्यापुढे मात्र आम्हांस बोलण्यासारखे काही सुचले नाही.

त्याच वर्षी धर्मग्रामातील एका चाळीत, भाड्याच्या खोलीत, एका मातेने लेकीचा शाळेतला पांढरा मोजा खिडकीच्या गजाला बांधला होता. खिडकी गॅलरीत उघडणारी. लेकीच्या परिचारिका प्रशिक्षणाची फी थकली होती आणि बापाचे काम सुटले होते. नाताळच्या सकाळी मोज्यात पाकीट निघाले. आत नेमकी फीची रक्कम होती, चिठ्ठी नव्हती. मायलेकी पाकीट घेऊन धावत आमच्याकडे आल्या. “फादर, कुणी ठेवलं ते सांगा, आम्हाला त्यांचे पाय धरायचेत.” आम्हांस ते ठाऊक होते किंवा नव्हते, याविषयी येथे लिहिणे प्रशस्त नव्हे. मातेने बरेच दिवस शेजाऱ्यापाजाऱ्यांचे चेहरे न्याहाळले. पुढे तिने तो नाद सोडला आणि चाळीतल्या सगळ्यांशीच ती अधिक अदबीने बोलू लागली, असे शेजारीण सांगते.

मुलगी आता नोकरीला आहे. डिसेंबर उजाडला की तिच्या घरचा मोजा त्याच गजाला लागतो. एका पावसाळ्यात उंदरांनी त्याची टाच कुरतडली. लेकीने बाजारातून नवा लाल मोजा आणला, तो मातेने धाकट्या भाच्याला देऊन टाकला आणि जुन्याला आतून ठिगळ लावून घेतले.