शितानं चिकटवलेली पानं

वही शिवायला दाभण लागतं, दोरा लागतो आणि बैठक लागते. दाभण आमच्या घरात कायम असतं, कारण भाताच्या गोण्या शिवायच्या असतात. दोरा गोधडीचा. बैठक मात्र नातवंडांकडं नव्हती, ती पहिले दोन दिवस मलाच धरून बसवावी लागली.

मुलगा उलव्याला राहतो. नाताळची सुट्टी लागली की दोन्ही पोरं आमच्याकडं जासईला येतात. थोरली नात चौथीत, धाकटा नातू पहिलीत. मागल्या डिसेंबरात आली तेव्हा नातीच्या दप्तरात एक गुळगुळीत वही होती. शाळेनं निसर्गाची वही करायला सांगितलेली, म्हणून सुनेनं दुकानातून तयार आणलेली. त्यात चिकटवायला पानंसुद्धा तयार, छापलेली, मागं गोंद लावलेली. एक पान पाच बोटं पसरल्यासारखं, लालभडक. मी विचारलं, "हे कशाचं गं?" ती म्हणाली, "आजोबा, मेपल." मेपल काही वाईट झाड नसेल, पण ते जासईत नाही, पनवेलात नाही, आणि कर्नाळ्याच्या रानातही मी तरी बघितलं नाही. म्हटलं, ही वही राहू दे बाजूला, आपण आपली करू.

कागद कुठला? जुन्या कॅलेंडरांची मागची कोरी बाजू आणि मुलाच्या ऑफिसातले एका बाजूनं छापलेले कागद. पुठ्ठा लग्नपत्रिकांचा. आमच्या आगरी लोकांत पत्रिकेवर इतका खर्च होतो की एका पत्रिकेत वहीची दोन्ही पुठ्ठं निघतात, वर सोनेरी गणपती फुकट. आठ-आठ कागद एकात एक घालून दुमडायचे, घडीत दाभणानं तीन भोकं पाडायची. दोरा बाहेरून मधल्या भोकातून आत, वरच्यातून बाहेर, खालच्यातून आत, पुन्हा मधल्यातून बाहेर, आणि तिथंच गाठ. दोऱ्याला मेणबत्ती घासून घेतली की तो गुंतत नाही. दाभण मी धरलं, दोरा पोरांनी ओढला. धाकट्यानं इतका जोरात ओढला की पहिली वही फाटली. दुसरी टिकली.

चिकटवायला शीत. ताज्या मऊ भाताचं शीत बोटानं चोळलं की गोंद झाला. आमच्या लहानपणी पाकिटं शितानंच बंद व्हायची. पुस्तकं बांधणारे खळीत मोरचूद घालतात, म्हणजे कसर लागत नाही, पण मोरचूद विषारी, पोरांच्या हातात द्यायचं काम नाही. आम्ही कडुलिंबाचा पाला उकळून त्या पाण्यात शीत कालवलं. मुंग्या तरीही आल्या. धाकट्याला त्याचं वाईट वाटलं नाही, त्यानं त्या पानावर मुंग्याच काढल्या.

हे काम थंडीतच जमतं. पावसाळ्यात पान दाबलं तर चार दिवसांत त्यावर बुरशीची लव येते. डिसेंबरात हवा कोरडी. वर्तमानपत्राच्या घडीत पान घालायचं, वरून पाटा ठेवायचा, रोज कागद बदलायचा. वालाचं तीन दलांचं पान चार दिवसांत कडक वाळलं. भांबुर्ड्याचं पान वाळलं तरी वास सोडेना. भांबुर्डा म्हणजे पोपटीचा पाला. मडक्याच्या तळाशी तो घालायचा, वर वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, अंडी, पुन्हा पाला, आणि मडकं उपडं घालून भोवती जाळ. पोरांना भांबुर्डा पोटातून ठाऊक होता, शेतात उभा असलेला ओळखत नव्हती. नातीनं पहिल्या पानावर तोच लावला आणि खाली लिहिलं, "याच्याशिवाय पोपटी होत नाही."

मोरस मात्र आमच्या हाती लागली नाही. खाऱ्या जमिनीतली ही भाजी, बारीक मांसल पानं, चावली तर खारट. पाट्याखाली ठेवली तर पाणी सुटून कागद भिजला आणि पानं काळी पडली. दोनदा केलं, दोनदा काळी. मग नातीनं ताजी काडी कागदावर ठेवून पेन्सिलीनं भोवती रेघ मारली. तिवराच्या पानाची गंमत वेगळी. पान तोडून जिभेला लावायला सांगितलं तर दोघंही माझ्याकडं बघत राहिली. मी आधी चाटलं, मग त्यांनी. खारट! तिवराचं झाड खाऱ्या पाण्यावर जगतं आणि जादा मीठ पानातून बाहेर टाकतं. त्याची श्वास घ्यायची मुळं चिखलातून वर आलेली असतात, पेन्सिली खोचून ठेवल्यासारखी. धाकट्यानं ती मोजायला घेतली आणि शंभरावर गेल्यावर सोडून दिली. त्याला शंभरापुढं येत नव्हतं.

खाजणात जायचं तर ओहोटी बघून जावं लागतं. नातीनं मोबाइल काढला. मी म्हटलं, थांब, आज तिथी कुठली? पंचमी. पाचाचे पाऊणपट किती? पावणेचार. म्हणजे पावणेचारला भरती, त्याच्या सहा तास आधी, पावणेदहाला, ओहोटी. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा. पुनवेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. माझ्या वडिलांच्या वेळी शाळेत पाउणकी पाठ करून घेत, पावकी, निमकी, पाउणकी. मास्तरांनी ती कशासाठी शिकवली ठाऊक नाही, आमच्या घरात ती भरतीसाठी वापरली गेली. मोबाइलमधल्या वेळेत आणि आमच्या वेळेत थोडा फरक निघाला. पण नातीला आमचा हिशेब आवडला. वहीत तिनं रोजची तिथी, पाऊणपट आणि वेळ असे रकाने आखले. सुट्टी संपेपर्यंत तिची पाउणकी पंधरापर्यंत पाठ झाली. तिच्या शाळेत ती कोणी विचारणार नाही, हे मला ठाऊक आहे.

पालघरकडं बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बालवाडीचं काम सुरू केलं, पुढं ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. शिंपले, बिया, पानं, काड्या, जे अंगणात सापडेल तेच त्यांचं शिकवायचं साहित्य. मी हे वाचलं तेव्हा मला नवल वाटलं नाही, पैसे नसलेल्या घरात पोरं अशीच मोजायला शिकतात. नवल एवढंच की त्यावरून त्यांनी शाळा उभी केली.

ताडाखाली एक सुगरणीचं घरटं पडलेलं मिळालं. पावसाळ्यात विणलेलं, आता रिकामं. मी पोरांना सलीम अलींचं सांगितलं. आपल्याच जिल्ह्यात, अलिबागजवळ किहीमला, १९३० मध्ये त्यांनी सुगरणीची घरटी दिवसेंदिवस बसून बघितली आणि टिपून ठेवली. नर अर्धं घरटं विणतो, मादी येऊन बघते, पसंत पडलं तर राहते आणि मग नर ते पुरं करतो. ते झालं की तो पुढचं घरटं घ्यायला मोकळा. यावर आमची सौभाग्यवती आतून म्हणाली, "घर बघूनच हो म्हनाचा, मी नाय बघला." मी ते ऐकलं नाही असं केलं. धाकट्यानं घरट्याच्या आत बोट घातलं तर भिंतीला सुक्या चिखलाचे गोळे लागलेले. ते कशाला असतात, त्याला उत्तर देता आलं नाही. त्यानं एक गोळा काढून वहीला शितानं लावला. तो पडला. पुन्हा लावला.

रंग घरातलेच. नीळ, हळद, कोळसा, बिटाचा रस. हळदीत चुना घातला की लाल होतं, हे पोरांना जादूसारखं वाटलं. त्या लालात पाणी घालून धाकट्यानं रोहित पक्षी रंगवले. आम्ही ते जवळून बघितलेच नव्हते, लांब खाडीत गुलाबी रेघ दिसली तेवढी. दोन दिवसांत रंग विटला आणि रोहिताचे बगळे झाले.

आता आमच्या शेताचं सांगतो. शेत म्हणजे उरलेलं शेत. आमच्याकडची जमीन कशी गेली, हे जासईच्या माणसानं वेगळं सांगायला नको. १९७० मध्ये सिडको आली, पुढं संपादन आलं. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला दि. बा. पाटलांच्या हाकेवर सगळा उरण-पनवेल रस्त्यावर उतरला, गोळीबार झाला, पाच शेतकरी हुतात्मे झाले. मी तेव्हा चोविशीत होतो. साडेबारा टक्के जमीन परत मिळायची योजना त्या रक्तातून निघाली. १९८९ मध्ये बंदर सुरू झालं, आणि २०२४ च्या जानेवारीत चिर्ल्यापाशी २१.८ किलोमीटरचा अटल सेतू येऊन टेकला. मुंबई जवळ आली ते चांगलंच झालं. माझ्या आईला दवाखान्यात नेताना तोच पूल उपयोगी पडला.

उरलेल्या तुकड्यात भात काढून झाल्यावर यंदाही वाल टाकला होता. पोरांना घेऊन गेलो तर बांधाच्या कडेनं लाल रंग मारलेल्या खुंट्या ठोकलेल्या. मोजणीवाले येऊन गेले होते. नोटीस नाही, निरोप नाही. मी खुंटी हलवून बघत होतो, तेवढ्यात नात म्हणाली, "आजोबा, हलू नका." खुंटीवर परीट येऊन बसला होता, धोबी म्हणतात तो. शेपूट खालीवर, खालीवर. तिनं उभ्या उभ्या त्याचं चित्र काढलं, खुंटीसकट. लाल रंगाला हळद-चुना. खाली लिहिलं, "परीट. हिवाळ्यात येतो. बसला होता: लाल खुंटीवर." मी ते दोनदा वाचलं आणि काही बोललो नाही.

त्या दिवशी संध्याकाळी तिनं विचारलं, आपलं बाकीचं शेत कुठं होतं. मी हात करून दाखवलं. तिकडं आता भिंत आहे आणि भिंतीवरून कंटेनरचे थर दिसतात, निळे, तांबडे, एकावर एक पाच. तिला नकाशा काढायचा होता. माझ्या डोक्यात सगळं होतं, असं मला वाटत होतं, पण नावं आईला विचारावी म्हटलं.

आई नव्वदीच्या पुढं आहे. पडवीत उन्हाला बसते. गेली दोन वर्षं तिला माणसं ओळखू येत नाहीत. मला कधी "भाऊ" म्हणते, कधी "कोन रं तू?" विचारते. पण माणसांची नावं गेली तशी बाकीची गेलेली नाहीत. आदल्या दिवशी चिंबोरी आणली होती तर तिनं ती उलटी करून नातीला पोट दाखवलं, "ह्यो झाकना रुंद, मंजी मादी. नराचा चिंचोला असतो." नातीनं दोन्ही काढून घेतलं.

तशीच ती नकाशावर बोलायला लागली. उघाडीकडचा तुकडा. भेंडीची पट्टी. चिंचेखालचा. लांबोटा. देवाचा, कारण त्याचं पहिलं भात देवळात जायचं. मोठा कोंडा. कुठल्या बांधावर मोरस चांगली यायची, कुठं विंचू निघायचे, कुठल्या तुकड्यात पाणी आधी आटायचं. नात लिहीत होती, मी गप्प बसलो होतो. यातलं अर्धं मला ठाऊक नव्हतं. एकूण सात तुकडे. सहा नावं झाली. सातवा, खाडीच्या अंगाचा, अगदी कोपऱ्यातला. त्याचं नाव मलाही आठवेना, आम्ही पोरं त्याला नुसता "तिकरचा" म्हणायचो. आई म्हणाली, "माना ठाव नाय," आणि उन्हाकडं तोंड करून डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी विचारलं तर तिला नकाशाचंच आठवेना. नातीनं तो चौकोन कोरा ठेवला.

सुट्टी संपली, पोरं उलव्याला गेली. शाळेत वही दाखवली. बाईंनी कौतुक केलं, पण वही फुगून इतकी जाड झाली होती की बाकीच्या वह्यांच्या चळतीत बसेना, म्हणून घरी परत दिली.

जानेवारीत थंडी वाढली तशी आईला झोप येईना. एका रात्री मी तिला पाणी द्यायला उठलो. भांडं हातात धरून ती माझ्याकडं बघत राहिली आणि एकदम म्हणाली, "निवटीची पट्टी. उधानाचे दिसान बांध फुटाचा नि निवट्या भातान घुसाच्या. तुजा बापूस टोपलीन भरून आनाचा." एवढं बोलून तिनं पाणी प्यालं आणि आडवी झाली. मी कॅलेंडरच्या कडेला ते लगेच लिहून ठेवलं, सकाळपर्यंत माझ्याही ध्यानात राहील याची खात्री नव्हती.

सकाळी सातला उलव्याला फोन लावला. शाळेच्या गडबडीत सुनेनं नातीला फोन दिला. मी नाव सांगितलं. पलीकडं दप्तर उघडल्याचा आवाज आला, पानं उलटल्याचा आवाज आला. मग तिनं विचारलं, "आजोबा, ह्रस्व नि की दीर्घ नी?"

मी म्हटलं, पहिली ह्रस्व. निवटी.