त्या गव्हाचं देणं

आमचं गाव बारामती तालुक्याच्या जिरायत पट्ट्यातलं. नीरा डाव्या कालव्याचं पाणी १८८५ पासून खालच्या अंगाच्या बागायतीला मिळतं. आमची भिस्त कऱ्हा नदीवर आणि आभाळावर.

साठचं दशक सरता सरता आजी पाझर तलावाच्या कामावर जात होती. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मातीची पाटी. बांधाच्या पोटात काळी माती थराथरानं टाकायची, पाणी मारून चोपायची, मग वर मुरूम आणि दगड. मजुरी मिळायची गहू आणि तेलाच्या रूपात. ''आरं, त्या गव्हावर तुझा बाप वाढला,'' असं ती शेवटपर्यंत सांगायची.

तो गहू कुठून आला, हे मला फार उशिरा कळलं. 'कासा' या भारतातल्या चर्चेसच्या मदतसंस्थेमार्फत तो आला होता. शरद पवार, अप्पासाहेब पवार आणि गावोगावच्या माणसांनी तो तलावांच्या कामाला जोडला. धान्य एकाचं, आखणी दुसऱ्याची, घाम आजीसारख्या बायाबापड्यांचा. याच धडपडीतून १९७१ साली बारामतीचा ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट उभा राहिला.

नुसतं धान्य वाटलं असतं तर एका सालाची भूक भागली असती. तलाव झाला म्हणून खालच्या विहिरींना पाझर फुटला. माझ्या शिक्षणाचा खर्च अशाच एका विहिरीवरच्या कांद्यानं उचलला. ज्यांनी पैसे घातले त्यांची नावंही आजीला ठाऊक नव्हती. मी मात्र त्यांचा ऋणी आहे.

आत्या इंदापूर तालुक्यात निमगाव केतकीला दिलेली. त्या तालुक्यातही तीच तऱ्हा: उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी ऊस, आणि त्यापासून लांबच्या गावांत उन्हाळ्यात टँकरची वाट. आता पाऊस महिना महिना ओढ देतो आणि मग एका रात्रीत बांध फोडून जातो. अशा ताणांवर संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था २००९ साली माळेगावच्या खडकाळ माळावर आली, ते योग्यच झालं.

जानेवारी २०२० मध्ये रतन टाटा, रोहिणी निलेकणी, आनंद महिंद्र, नादिर गोदरेज अशा देणगीदारांनी हवामान बदलासाठी 'इंडिया क्लायमेट कोलॅबरेटिव्ह' उभारलं, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. एरवी एक संस्था बंधारा बांधते, दुसरी हवामान केंद्र बसवते, तिसरी बियाणं देते, आणि कुणाचा कुणाला पत्ता नसतो. गाव तर एकच असतं! पैसा एकत्र आला तर कामाची सांगड बसते. वॉटर कप या गावांच्या जलसंधारण स्पर्धेच्या वेळी हे आपण पाहिलं: पानी फाउंडेशनचं प्रशिक्षण, भारतीय जैन संघटनेची यंत्रं, गावाचं श्रमदान.

या देणगीदारांना माझी कळकळीची विनंती आहे. नवं बांधकाम जरूर करा, पण जुन्या पाझर तलावांतला गाळ काढायला आणि गळके सांडवे दुरुस्त करायलाही एकत्र पैसे ठेवा. दुरुस्तीच्या कामावर कुणाच्या नावाची पाटी लागत नाही, म्हणूनच तिला सगळ्यांची मिळून मदत हवी.