सिस्टर, जेवलात का?

माझी ताई बावीस वर्षं नर्स आहे. एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात, मेडिसीन वॉर्डला. गेल्या वर्षी तिची एचबीएवनसी ७.४ आली. साडेसहा किंवा त्याच्या वर गेली की डायबेटिस, हे ती स्वतःच रोज पेशंटना समजावून सांगत असते! आमच्या घरात आजवर कुणालाच साखर नव्हती. खरं सांगायचं तर मला आधी तिचा रागच आला. दुसऱ्यांना पथ्यं सांगणाऱ्या बाईला स्वतःचं कळू नये?

त्या रागातच चार दिवस तिच्याकडे राहायला गेले. डबा मी करायचा असं ठरवलं. पहिल्या रात्री ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी, मटकीची उसळ असं सगळं अगदी आहारशास्त्राप्रमाणे दिलं. सकाळी डबा जसाच्या तसा परत!

"अगं, वेळच नाही मिळाला."

"मग खाल्लंस काय?"

"चहा, बिस्किटं. एका पेशंटच्या नातेवाइकांनी पेढे दिले होते."

मग तिनेच रात्र कशी जाते ते सांगितलं. चाळीस पेशंट, सिस्टर दोन. रात्री आठला ओव्हर घ्यायची. मग औषधांचा राऊंड, इंजेक्शनं, सलाईनी, मध्येच नवीन ॲडमिशन. डबा उघडेपर्यंत तीन वाजतात. तोवर भूक मेलेली असते, नाहीतर इतकी खवळलेली असते की समोर येईल ते पोटात जातं. त्यात रात्री आपलं शरीर साखर नीट हाताळत नाही. तीच पोळी-भाजी दिवसा खाल्ली तर साखर जेवढी वाढते, त्याहून मध्यरात्री जास्त वाढते. पाणीसुद्धा ही मंडळी बेताने पितात, सारखं बाथरूमला जायला लागू नये म्हणून.

"निदान चालणं तरी भरपूर होतं तुझं," मी म्हटलं. तिच्या मोबाईलमध्ये एका रात्रीत अकरा हजार पावलं दिसत होती. ती हसली. "चालणं होतं गं. पण कंबर आणि पाय बघ माझे." पोटऱ्यांवर निळ्या शिरा फुगलेल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या सूचनांमध्ये आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं भरभर चालण्यासारख्या व्यायामाबरोबरच निदान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायामही सांगितला आहे. नर्सचं चालणं होतं, दुसरं राहून जातं. आणि मग त्याच दुबळ्या कमरेने वाकून ऐंशी किलोचा पेशंट सरकवायचा!

गंमत म्हणजे त्यांच्याकडे 'परिचारिकांचा आहार' या विषयावर व्याख्यानही झालं होतं. १२ मे, परिचारिका दिन. वेळ दुपारी तीनची, म्हणजे नाइट करून आलेल्यांची झोपेची. शेवटी प्रत्येकीला खोका मिळाला. आत सामोसा आणि बर्फी. असो.

फरक पडला तो वेगळ्याच गोष्टीने. ताईने आणि तिच्या जोडीदारणीने आपापसांत एक ठरवून टाकलं. साडेबाराला एकीने पंधरा मिनिटं जेवायचं, त्या वेळात दुसरीने पूर्ण वॉर्ड बघायचा, फोनसकट. मग अदलाबदल. हाक आली तरी जेवणारीने उठायचं नाही, अगदी इमर्जन्सी सोडून. मुख्य जेवण ड्युटीला निघण्याआधी घरी. रात्रीच्या डब्यात थोडकंच, थालीपीठ नाहीतर उसळ आणि काकडी. दोननंतर ताक किंवा मूठभर फुटाणे. पेशंट सरकवायचा तो दोघींनी मिळून, ड्रॉशीट धरून. आणि टेबलाशी उभं राहून चार्ट लिहिताना टाचा वर-खाली. सगळ्या रात्री जमत नाही. पण परवाची एचबीएवनसी ६.८ आली. अर्थात गोळ्याही चालू आहेत.

यात नवीन ज्ञान काहीच नव्हतं. काय खावं हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. कमी होतं ते "तू जा, मी बघते" असं म्हणणारं माणूस. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या १८५९ सालच्या 'नोट्स ऑन नर्सिंग'मध्ये रुग्णाच्या खाण्यावर चक्क दोन प्रकरणं आहेत. पण खाऊ घालणारीने कधी खायचं, हा प्रश्न दीडशे वर्षांनंतरही साडेबाराच्या आपसातल्या करारावरच चालू आहे.

आता एक गोष्ट कबूल करायची आहे.

काही वर्षांपूर्वी बाबा एका हॉस्पिटलात होते. सलाईन संपत आलं म्हणून मी धावत सिस्टरांच्या टेबलाशी गेले. त्या डबा उघडून बसल्या होत्या. मी सगळ्या वॉर्डासमोर ओरडले, "इथे पेशंट तडफडतोय आणि तुम्ही जेवताय?" बाबा तडफडत वगैरे नव्हते, शांत झोपले होते. बाई काही बोलल्या नाहीत. हात धुतले, सलाईन बदललं. परत जाताना पाहिलं तर डबा बंद करून ठेवलेला.

हा किस्सा मी तेव्हा ताईला मोठ्या तावातावाने सांगितला होता. तिने एवढंच विचारलं, "किती वाजले होते?"

"साडेतीन असतील. दुपारचे."

"मग पहिलाच घास असेल तिचा," ताई म्हणाली, आणि विषय बदलला.

त्या सिस्टरांचं नाव मला आठवत नाही. डबा मात्र आठवतो, निळ्या झाकणाचा.