तुटकं अक्षर

मी जिनिंगमध्ये गाठींवर अक्षरं मारतो. १७० किलोची रुईची गाठ. तिच्यावर कापलेला पत्रा ठेवायचा, रंगाचा बोळा थापायचा. प्रेसची खूण, लॉट, नंबर. १९२५ च्या कायद्यानं खूण नि नंबर सक्तीचे केले. कापूस वेचणारीचं नाव कुणी मागितलं नाही.

शाळा लवकर सुटली. अक्षर शिकलो ते या पत्र्यावर. बोरूचं अक्षर कुठं जाड, कुठं बारीक. त्याला वळलेला हात लागतो, आणि हात वळायला पिढ्या जातात. पत्र्याच्या अक्षराची जाडी सगळीकडं एकच. काना मोठा नाही, वेलांटी लहान नाही. म्हणून ते मला आपलं वाटलं.

नर्सीला, १३ एप्रिलच्या रात्री, जुन्या एक्स-रे फिल्मवर ब्लेडनं ‘घटनाकार’ कापलं. मुद्दाम तिरपं. सरळ अक्षर उभं राहतं, तिरपं चालायला लागतं. पण दोस्तहो, सगळं कापलं की ‘घ’चं पोट गळून पडतं. ते धरायला मधे न कापलेली पट्टी सोडावी लागते. मी तिला टाका म्हणतो; गाव नामदेव शिंप्याचं आहे. तो टाका मी शिरोरेषेत सोडला, डावीकडं.

सकाळी भिंतीवर निळ्या रंगात, तीन हात लांब : ‘धटनाकार’.

शिरोरेषा तिथं तुटली की ‘घ’चा ‘ध’ होतो, ‘म’चा ‘भ’ दिसतो. पारावरून एकजण म्हणला, “घटना सांगायला निघाले, अन् ह्यायला घ येईना!” माणसं हसली. मी मान खाली घालून घरी आलो. माय अडाणी. तिनं विचारलं, “काय चुकलं रे बाबा?”

“रेघ तुटली, माय.”

“मंग जोड की. रडतू कशाला?”

दुपारी दुसरी फिल्म कापली. एक टाका खाली, पोट दांडीला मिळतं तिथं. दुसरा दांडीत, शिरोरेषेच्या जरा खाली. रेघ अखंड ठेवली. रंग घट्ट घेतला; पातळ रंग फिल्मखाली पळतो. जुन्या अक्षरावर चुना मारला आणि भरदिवसा, त्याच माणसांसमोर, पुन्हा ‘घटनाकार’ थापलं. कुणी हसलं नाही.

याच नामदेवानं चोखोबाची हाडं मंगळवेढ्याहून पंढरीला नेली, असं सांगतात. चोखोबा गावकुसाचं काम करताना १३३८ साली भिंतीखाली गेला. भिंत आपण बांधायची आणि आपणच तिच्याखाली मरायचं, ही जुनी रीत. आता त्या भिंतीवर आपण लिहितो.

सायक्लोस्टाइलचं स्टेन्सिलही याच जातीचं. मेणकागद खरवडायचा, शाई वाट काढते. जिथं ओरखडा तिथं अक्षर. आपल्या अंगावर ओरखडे काय कमी आहेत?

तेव्हा भिंत रंगवायला निघालेल्या दोस्तांनो, घाई करू नका. अक्षर तुटकं असू द्या, त्याची लाज नको. पण कुठं तोडायचं आणि कुठं धरून ठेवायचं, ते कापण्याआधी ठरवा. एका टाक्याच्या चुकीनं बाबासाहेबांचं नाव हसण्यावारी जातं.

जय भीम.