पाऊणकी आणि पापलेट

वर्सोव्याला राहते म्हटलं की कोल्हापूरच्या माझ्या माहेरची माणसं पहिला प्रश्न विचारतात, "मग रोज कोण कोण दिसतं गं?" त्यांना एखाद्या नटीचं नाव ऐकायचं असतं. मी खरं ते सांगते: सकाळी दिसतो दूधवाला, मग मेट्रो गाठायला रिक्षा शोधणारे शेजारी आणि बर्फाच्या लाद्या घेऊन जेट्टीकडे निघालेला टेम्पो. सिनेमावाले आहेतच. आरामनगरच्या बैठ्या घरांमध्ये कास्टिंगची ऑफिसं आणि नाटकांच्या तालमींच्या खोल्या आहेत. दुपारी त्या गल्लीतून गेलं की हातात कागद धरून भिंतीशी पुटपुटणारी, ऑडिशनला आलेली पोरं दिसतात. त्यातला कुणी पुढे मोठा झाला तरी आम्हाला कळायचं नाही, कारण तोवर तो इथलं भाड्याचं घर सोडून गेलेला असतो.

लग्नानंतर इथे आले तेव्हा समुद्र म्हणजे मला सहलीची जागा वाटायची. जुहूला जावं, भेळ खावी, पाय भिजवावेत, परत यावं. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर जुहूसारखी चौपाटी नाही, गाड्यांची रांग नाही, उंट-घोडे नाहीत. पहिल्या संध्याकाळी मी पाण्याकडे जायला निघाले तर पाणी कुठेच नव्हतं. लांबवर नुसती ओली, करडी वाळू आणि तिच्यावर क्रिकेट खेळणारी पोरं. दोन-तीन दिवसांनी त्याच वेळी गेले तर पोरांची खेळपट्टी पाण्याखाली.

हे कोडं सासूबाईंनी सोडवलं. त्या मूळच्या अलिबागच्या. म्हणाल्या, "आज तिथी कोणती? तिची पाऊणपट कर." चतुर्थी होती. चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, आणि तिथून सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अष्टमीला भरती सहाला. पौर्णिमा-अमावास्येला हिशेबाने सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात बारा वाजत येतात, पण तेवढी चूक कोकणातली माणसं माफ करतात. शाळेत पाऊणकी पाठ करताना हिचा जन्मात काय उपयोग, असं मला वाटायचं. आता भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये मी उपासाआधी भरती बघते. भरतीची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते, त्यामुळे इथे "रोज सहाला फिरायला जाते" असं कुणी म्हणालं की समजावं, ही बाई रस्त्यावर फिरते, वाळूवर नाही.

पावसाळ्यात हे गणित गमतीचं राहत नाही. साडेचार मीटरच्या वर भरती असली की वर्तमानपत्रात वेळांसकट छापून येतं, आणि त्याच वेळी जोराचा पाऊस असला तर गटारांचं पाणी समुद्रात जाण्याऐवजी रस्त्यावर राहतं. अशा दिवशी यारी रोडवरचे जुने रहिवासी आधी घड्याळ बघतात आणि मग मुलांना शाळेत पाठवायचं की नाही ते ठरवतात. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ मुंबईजवळून गेलं तेव्हा कुलाब्याला वाऱ्याचा वेग ताशी ११४ किलोमीटर नोंदला गेला. आमच्याकडे त्या दुपारी बाल्कनीच्या सरकत्या काचा आम्ही दोघांनी हातांनी दाबून धरल्या होत्या. कुंड्यांचं नाव काढू नका.

घराच्या जाहिरातीत समुद्र असतो, मीठ नसतं. इथे पापड डब्यातून काढला की पाच मिनिटांत मऊ. मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकावेच लागतात. चांदीचं निरांजन दर सणाला राख लावून घासायचं. फ्रीजच्या बिजागऱ्या, खिडकीची ग्रिल, सायकलची चेन, लोखंडाचं जे जे म्हणून आहे ते इथे सावकाश तांबूस होत जातं. एसी बसवणाऱ्या कंपनीने आम्हाला भरघोस वॉरंटी दिली आणि पहिल्यांदा गॅस गेल्यावर सांगितलं की समुद्रकाठचा गंज वॉरंटीत बसत नाही. दुरुस्तीला आलेला पोरगा बाहेरच्या युनिटवर बोट घासून म्हणाला, "ताई, हे रोज गोड्या पाण्याने धुवा." बाहेरचं युनिट पाचव्या मजल्यावर, भिंतीला टांगलेलं. तो शहाणा सल्ला अजून तसाच पडून आहे.

भिंतीतल्या सळया तर दिसतही नाहीत. खारी हवा काँक्रीटच्या भेगांतून आत जाते, सळई गंजून फुगते आणि वरचं प्लास्टर ढकलून देते. तीस वर्षांच्या वरच्या इमारतींना मुंबईत स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं लागतं, त्यामुळे आमच्या सोसायटीच्या सभेत दुसरा विषयच निघत नाही. दुसरा निघतो तो वासाचा.

तर वासाबद्दल. दिवाळीनंतर कोरडा वारा सुरू झाला की कोळीवाड्याच्या किनाऱ्यावर बांबूंच्या उंच चौकटी उभ्या राहतात आणि त्यांवर बोंबील वाळत घालतात. मी पहिल्यांदा जवळून पाहिलं ते एका म्हाताऱ्या कोळणीच्या शेजारी उभी राहून. ती टोपलीतून दोन बोंबील उचलायची, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायची आणि ती जोडी दोरीवर टाकायची, एक या बाजूला, एक त्या बाजूला. दोरा नाही, चिमटा नाही. बोंबलाचे दात बारीक आणि आत वळलेले, ते एकमेकांत बसले की वाऱ्याने सुटत नाहीत. तिचा हात इतका भराभर चालायचा की अडकवण्याचा नेमका क्षण मला दिसायचाच नाही. "दाखवा ना मावशी, सावकाश," म्हटल्यावर तिने एकदा सावकाश करून दाखवलं, हसली आणि पुन्हा आपल्या वेगाने सुरू झाली. काही दिवसांच्या उन्हात त्या पांढऱ्या लिबलिबीत माशाची कडक, पिवळसर काडी होते.

याचा वास येतो. पश्चिमेचा वारा असला तर सहाव्या-सातव्या मजल्यापर्यंत येतो. आमच्या सभेत एकदा ठराव मांडायचं घाटत होतं की महापालिकेकडे तक्रार करावी. मांडणारे गृहस्थ दोन वर्षांपूर्वी राहायला आलेले, समुद्र दिसतो म्हणून चौरस फुटामागे जास्तीचे पैसे मोजलेले. मी सभेत सहसा बोलत नाही, त्या दिवशी बोलले. कोळीवाडा इथे आधीपासून आहे, आपल्या इमारती नंतर आल्या. सुकवायची मोकळी जागा वर्षागणिक कमी होतेय ती आपल्यासारख्यांमुळेच. ठराव बारगळला, पण माझ्यामुळे नाही. सभेला कोरम नव्हता.

मासे ओळखायला मला बाजारात बसणाऱ्या कोळणींनी शिकवलं. कोल्हापूरकरणीला तांबडा-पांढरा रस्सा ठाऊक, माशाशी ओळख नदीतल्या काटेरी माशापुरती. सुरुवातीला मी भाजी निवडल्यासारखा मासा दाबून बघायची तर बाई म्हणाली, "दाबतेस काय गो, कल्ला उघड." कल्ला लालभडक हवा, डोळा फुगीर आणि स्वच्छ हवा, बोंबलाचं तोंड गुलाबी हवं. ओला बोंबील घरी आणला की मधोमध चिरून, काटा काढून, फडक्यात गुंडाळून वर पाटा ठेवायचा, पाणी निघाल्याशिवाय तो तव्यावर कुरकुरीत होत नाही. मांदेली स्वस्त आणि चवीची, पण पाहुणे आले की सगळे पापलेटच मागतात. मोठ्या पापलेटाचा भाव विचारला की बाई आधी गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघते.

आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारीची बंदी. माशांच्या विणीचा काळ, समुद्रही खवळलेला, त्यामुळे यांत्रिक बोटींनी मासेमारी करायची नाही. त्या दोन महिन्यांत कोळीवाड्यात बोटी वर ओढून ताडपत्रीखाली ठेवलेल्या असतात, पडवीत जाळी दुरुस्त होतात, बोटींना रंग लागतो. आम्ही मेमध्येच सुकट, सोडे, सुके बोंबील भरून ठेवतो. मग नारळी पौर्णिमा. सोनेरी कागदात मढवलेला नारळ वाजतगाजत निघतो, बायका एका रंगाच्या लुगड्यांत, अंगावर असेल नसेल तेवढं सोनं. त्या दिवशी कोळीवाड्याच्या गल्ल्यांतून रिक्षा नेण्याचा विचारही करू नये. गंमत म्हणजे माशांवर संशोधन करणारी केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थाही इथेच, सात बंगल्याजवळ आहे. देशभरातून मुलं इथे मत्स्यविज्ञानात पदव्या घ्यायला येतात आणि संध्याकाळी त्याच बाजारात भाव करताना दिसतात.

किनाऱ्याच्या कचऱ्याबद्दल आता बोलायला हवं, नाहीतर हे सगळं खोटं वाटेल. मालाडच्या खाडीतून आणि नाल्यांतून शहर जे सोडून देतं ते भरतीबरोबर आमच्या वाळूवर येतं. ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह या वकिलांनी इथे राहायला आल्यावर एका वयस्क शेजाऱ्यासोबत स्वतःच्या हातांनी कचरा उचलायला सुरुवात केली आणि मग शनिवार-रविवारी माणसं जमत गेली. मीही गेले होते. बाहेरून वाटतं, पिशवी दिसली की उचलली. ती उचलली जात नाही. वाळूतून चार बोटं वर आलेलं प्लास्टिक ओढलं तर आत हातभर निघतं, त्याला चिंधी, चिंधीला दोरी, दोरीला ओल्या वाळूने भरलेली गोणी. एक गोणी काढायला आम्ही तिघी लागलो आणि ती काढल्यावर खाली दुसरी होती. २०१६ मध्ये शाह यांना संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा 'चॅम्पियन्स ऑफ द अर्थ' पुरस्कार मिळाला, आणि मार्च २०१८ मध्ये इथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं वाळूतून निघून पाण्यात गेली. तेव्हा सगळ्या वर्सोव्याला आपणच अंडी उबवल्यासारखं वाटलं होतं. पण पावसाळ्यातली मोठी भरती येऊन गेली की किनारा पुन्हा बघवत नाही. नाल्याच्या तोंडाशी अडवल्याशिवाय हे थांबणार नाही, हे वाळूत हात घातलेला कुणीही सांगेल.

अंधेरीला ये-जा करणं मात्र सुधारलं. जून २०१४ मध्ये घाटकोपरपर्यंत मेट्रो सुरू झाली आणि अंधेरी स्टेशन गाठायला जयप्रकाश रोडवर घामाघूम होत बसमध्ये उभं राहणं संपलं. वर्सोवा नावाच्या मेट्रो स्टेशनवरून समुद्र काही दिसत नाही, तिथून रिक्षा करावी लागते, आणि संध्याकाळी रिक्षावाला "कोळीवाडा" म्हटल्यावर मान हलवतो. पण तक्रार किती करायची.

मला स्वतःला आवडते ती खाडीपलीकडच्या मढची फेरी. जेट्टीवरून लाकडी बोट सुटते, स्कूटर, माशांच्या टोपल्या, कॉलेजची मुलं, सगळं एकत्र, आणि काही मिनिटांत पलीकडे. तेच रस्त्याने मालाड-मार्वेवरून जायचं तर वीसहून जास्त किलोमीटर. पलीकडे मढचा पोर्तुगीज किल्ला आहे, वर्सोव्याचा किल्ला म्हणूनही ओळखला जाणारा, १७३९ च्या वसई मोहिमेत मराठ्यांनी घेतलेला. आता तो हवाई दलाच्या ताब्यात, बाहेरूनच बघायचा. या खाडीवर पूल बांधायची योजना आहे, आणि दक्षिणेला वांद्र्यापर्यंत सागरी सेतूचं काम सुरू आहे. पुलाने वेळ वाचेल हे खरं, पण खांब कुठे पडणार, बोटींची वाट आणि जाळी टाकायच्या जागा राहणार की नाही, हे कोळीवाड्यात ज्या काळजीने बोललं जातं ते आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दिसत नाही. तिथे चर्चा असते पुलानंतर फ्लॅटचे भाव किती वाढतील याची.

आमच्या घरातही ती चर्चा आहेच. ह्यांचं म्हणणं, भाव आहे तोवर विकावं आणि ठाण्याला मोठं घर घ्यावं, जिथे ग्रिल गंजणार नाही. दलाल दोनदा येऊन गेला. मी म्हटलं, बोलू, पण ऑगस्ट उलटू दे. बोटी आत्ताच बाहेर पडल्यात, पापलेट यायला लागलंय, आणि तिसरा एसी हप्त्यावर घेतलाय, त्याचे हप्ते तरी फिटू देत.