दहा जिंकले, दहा हरले

पिट्सबर्ग
१९ नोव्हेंबर २०२५

ती. नानामामांस,
सा. न. वि. वि.

अ‍ॅलिगेनी नदीवरचा पिवळा पूल ओलांडला की पीएनसी पार्क लागतं. पायरेट्स या इथल्या बेसबॉल संघाचं हे घरचं मैदान. पुलाला नाव रॉबर्टो क्लेमेंटेचं. सामना असला की पुलावर मोटारींना बंदी असते आणि काळ्या-पिवळ्या शर्टांची रीघ चालत नदीपार जाते. मैदानाची उजवीकडची भिंत बरोबर २१ फूट उंच आहे, कारण क्लेमेंटेच्या पाठीवर २१ हा आकडा असे. निकाराग्वात भूकंप झाला तेव्हा तिथे मदत घेऊन निघालेलं विमान कोसळून ३१ डिसेंबर १९७२ ला तो गेला. त्याच्या नावावर बरोबर ३००० हिट्स राहिल्या. आत बसलं की समोर नदी, पूल आणि पलीकडे शहराच्या उंच इमारती दिसतात. अमेरिकेतल्या सर्वांत देखण्या मैदानांत याची गणना होते, आणि इथला चाहता हे अभिमानाने सांगतो. मग लगेच सांगतो की मैदानात जे चालतं त्याकडे मात्र बघू नका.

हे तुम्हालाच लिहायचं कारण उघड आहे. तुम्ही महाराष्ट्राच्या रणजी संघाचे चाहते. देवधरांच्या काळातली १९३९-४० आणि १९४०-४१ ची दोन अजिंक्यपदं, आणि त्यानंतर तीनदा अंतिम सामन्यापर्यंत जाऊन हात हलवत परत: १९७०-७१, १९९२-९३, २०१३-१४. पायरेट्सचा वनवास त्या मानाने अलीकडचा. त्यांनी पाचदा वर्ल्ड सिरीज जिंकली, शेवटची १९७९ मध्ये. पण १९९३ ते २०१२ अशी सलग २० वर्षं हा संघ जिंकला कमी आणि हरला जास्त. अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक खेळांत एवढी लांबलचक माळ दुसऱ्या कुठल्याच संघाच्या गळ्यात पडलेली नाही. त्यात बेसबॉलचा हंगाम १६२ सामन्यांचा. क्रिकेटमधल्या पराभवाचं दुःख करायला चार दिवस तरी मिळतात; इथे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा सामना असतो.

पराभवाने माणूस एवढा कडवट होत नाही, हे तुमच्याकडे बघून कळतं. पायरेट्सच्या चाहत्याचं गाऱ्हाणं वेगळं आहे: संघ हरला तरी ज्याचं काही बिघडत नाही, अशा माणसाच्या हाती संघ आहे. आणि हे गाऱ्हाणं नुसतं रडगाणं नाही, त्याला हिशेब आहे, असं मला वाटतं.

पहिला पुरावा परवाचाच. पॉल स्कीन्स या त्यांच्या पिचरला, म्हणजे गोलंदाजाला, यंदा नॅशनल लीगमधल्या सर्वोत्तम पिचरसाठीचा साय यंग पुरस्कार एकमताने मिळाला. नऊ डावांमागे त्याच्याविरुद्ध निघालेल्या धावांची सरासरी १.९७, गोलंदाजीच्या भाषेत म्हणायचं तर खेळणं मुश्कील. इथे सामन्याचा निकाल एका पिचरच्या नावावर मांडतात. स्कीन्सच्या नावावर यंदा जिंकलेले सामने १० आणि हरलेलेही १०. मे महिन्यात फिलाडेल्फियात त्याने आठ डाव एकट्याने टाकले, धाव एकच दिली, आणि सामना १-० असा हरला. कारण पायरेट्सनी यंदा मेजर लीगच्या तीसही संघांत सर्वांत कमी धावा काढल्या. देशातला सर्वोत्तम पिचर हाताशी असताना त्याच्यासाठी दोन धावा काढणारे फलंदाज आणायचे नाहीत, याला दुर्दैव म्हणता येत नाही. दुर्दैव एखाद्या सामन्यापुरतं असतं. हा खर्चाचा निर्णय आहे.

दुसरा पुरावा धावफलकावर दिसत नाही. मैदान उघडलं तेव्हा चाहत्यांनी पैसे भरून बाहेरच्या फरसबंदीत विटा बसवून घेतल्या होत्या. कुणी स्वतःच्या नावाची, कुणी वारलेल्या वडिलांच्या. फरसबंदी बदलताना त्या उखडल्या गेल्या, आणि यंदा एप्रिलमध्ये भंगाराच्या आवारात त्यांचा ढीग पडल्याचं छायाचित्र प्रसिद्ध झालं. त्याच महिन्यात २१ फुटी भिंतीवरचं क्लेमेंटेचं चिन्ह जाऊन तिथे एका मद्यपेयाची जाहिरात आली. क्लेमेंटेच्या मुलाने नाराजी बोलून दाखवली, शहर खवळलं, तेव्हा संघाने माफी मागून चिन्ह परत लावलं. विटांचंही काहीतरी करू म्हणाले. कुणी मुद्दाम अपमान केला असं मी म्हणणार नाही. कुणाच्या लक्षातच आलं नाही, आणि ते जास्त बोचणारं आहे. हंगामातल्या घरच्या पहिल्याच सामन्याला ‘सेल द टीम’, म्हणजे संघ विकून टाका, अशा घोषणा झाल्या आणि तेच लिहिलेला फलक घेऊन एक विमान मैदानावर घिरट्या घालत होतं. २००७ पासून मुख्य मालक असलेले बॉब नटिंग ते ऐकत आले आहेत. विकण्याचं काही नाव नाही.

आपला,
श्री


पिट्सबर्ग
२२ नोव्हेंबर

ती. मामा,
सा. न.

शहराच्या ओकलंड भागात, विद्यापीठाच्या आवारात, विटांची एक जुनी भिंत उभी आहे. फोर्ब्ज फील्ड हे १९०९ चं मैदान पाडलं तेव्हा बाहेरच्या कुंपणाचा हा तुकडा राहिला. होम प्लेट, म्हणजे धाव जिथे पुरी होते ती पाटी, शेजारच्या इमारतीत जमिनीवर काचेखाली जपून ठेवली आहे. १३ ऑक्टोबर १९६० ला वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात दुपारी ३ वाजून ३६ मिनिटांनी बिल मॅझेरोस्कीचा फटका कुंपणापार गेला आणि पायरेट्सनी बलाढ्य यांकीजना १०-९ असं हरवलं. दर वर्षी त्या तारखेला लोक या भिंतीपाशी जमतात, त्या दिवसाचं रेडिओ समालोचन लावतात, आणि निकाल पाठ असूनही ३.३६ ला टाळ्या पिटतात. एक आकडा तुम्हाला आवडेल: त्या सात सामन्यांत मिळून यांकीजच्या धावा ५५, पायरेट्सच्या २७. म्हणजे दुबळ्याच्याही पदरात कधी कधी दान पडतं. मात्र त्यासाठी सातव्या सामन्यापर्यंत टिकून राहावं लागतं.

दुसरी तारीख कुणी साजरी करत नाही, पण विसरतही नाही. १४ ऑक्टोबर १९९२, अटलांटा. नॅशनल लीगच्या अंतिम फेरीतल्या सातव्या सामन्याचा शेवटचा डाव, वर्ल्ड सिरीज एका बळीच्या अंतरावर. अटलांटाचा सिड ब्रीम दुसऱ्या बेसवर होता. पूर्वी पायरेट्सकडूनच खेळलेला, गुडघे गेलेला, धावायला अगदी मंद. फटका बसला, डाव्या बाजूने पायरेट्सच्या बॅरी बाँड्सने चेंडू फेकला, आणि ब्रीम घसरत केसभर आधी होम प्लेटला टेकला. बाँड्स त्याच हिवाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि वीस वर्षांचा अंधार पडला. (महाराष्ट्र लुधियान्यात पंजाबकडून हरला तोही हाच हंगाम. योगायोग, दुसरं काय!)

आता तुमचा आक्षेप मला इथूनच ऐकू येतोय: गाव लहान, मिळकत बेताची, मालकाने पैसा आणायचा कुठून? आक्षेपात तथ्य आहे. बेसबॉलमध्ये पगारावर पक्की मर्यादा नाही. ठरावीक रकमेपुढे खर्च केला तर जादा कर भरायचा, की झालं. लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनी शोहेई ओतानीशी १० वर्षांचा ७० कोटी डॉलरचा करार केला. पायरेट्सच्या इतिहासातला सर्वांत मोठा करार ब्रायन रेनल्ड्सचा: ८ वर्षं, १० कोटी ६७ लाख ५० हजार. डॉजर्सनी गेली दोन्ही अजिंक्यपदं पटकावली. हा सामना बरोबरीचा नाही, हे चाहत्यालाही मान्य आहे.

पण गोष्ट इथे संपत नाही. प्रत्येक संघाने स्थानिक मिळकतीतला ४८ टक्के वाटा सामायिक गंगाजळीत टाकायचा आणि ती रक्कम तीस संघांत सारखी वाटायची, असा नियम आहे. म्हणजे पिट्सबर्गसारख्यांना मोठ्या शहरांचा पैसा मिळतो, तो संघ सुधारावा म्हणून. २०१० मध्ये संघाची हिशेबाची कागदपत्रं बाहेर फुटली, त्यांत २००७ आणि २००८ या दोन दळभद्री हंगामांत मिळून सुमारे २ कोटी ९० लाख डॉलरचा नफा दिसला. २०१८ मध्ये खेळाडूंच्या संघटनेने चार संघांविरुद्ध तक्रार केली, की हा वाटणीचा पैसा खेळावर खर्च होत नाही. त्या चारांत पायरेट्स होते. संघाने आरोप फेटाळला. कोवळी पोरं हेरण्यावर आणि घडवण्यावर आम्ही पैसा लावतो, हे त्यांचं जुनं उत्तर. ते खोटं नाही, त्याचं फळही एकदा मिळालं, त्याकडे येतोच. आणि मैदानाचं काय? १९९७ मध्ये अकरा काउंटींतल्या मतदारांनी मैदानांसाठी विक्रीकर वाढवायला साफ नकार दिला होता. मग दुसरी योजना काढून मुख्यतः सरकारी पैशानेच ते बांधलं गेलं. मत विचारून, नकार मिळूनही ज्याच्याकडून वर्गणी घेतली, त्याने जाब विचारला तर त्याला आततायी कसं म्हणायचं?

दुसरा सल्ला सोपा वाटतो: जाऊच नका सामन्याला. लोकांनी तेही केलंय. २०१५ मध्ये मैदानात विक्रमी, सुमारे २५ लाख माणसं आली. यंदा पंधरा लाखांच्या आसपास. पण ४८ टक्क्यांचा तोच नियम इथे उलटा पडतो. तिकिटाचा एक डॉलर बुडाला तर मालकाचा पुरा डॉलर बुडत नाही, आणि टीव्हीच्या राष्ट्रीय कराराचा वाटा तर खुर्च्या रिकाम्या असल्या तरी येतोच. शिवाय तळाला गेलं म्हणून खालच्या श्रेणीत ढकललं जाण्याची भीती इथे नाही. आपल्या रणजीत निदान प्लेट गटाचा बडगा आहे. इथे हरणाऱ्यालाच नव्या खेळाडूंच्या निवडीत झुकतं माप मिळतं. २०२१ मध्ये १०१ आणि २०२२ मध्ये १०० सामने हरल्यावर सोडतीत पहिला क्रमांक लागला, आणि त्यातूनच स्कीन्स हाती आला. चाहत्याची आशा हीसुद्धा पराभवाच्या कारखान्यातूनच निघते. या शहराला मुळात हरायची सवय आहे म्हणावं, तर त्या वीस वर्षांत इथल्याच स्टीलर्सनी अमेरिकन फुटबॉलचा सुपर बोल दोनदा आणि पेंग्विन्सनी आइस हॉकीचा स्टॅनली कप एकदा आणला. त्यांचेही रंग काळे-पिवळेच, पण त्या दोन्ही खेळांत पगाराला मर्यादा आहे.

आपला,
श्री


मिलवॉकी
२७ नोव्हेंबर

ती. मामा,
सा. न.

मिशिगन सरोवरावरून बोचरा वारा येतो आहे. इथल्या मैदानाला उघडमिट करणारं छप्पर का आहे ते लगेच कळतं. पिट्सबर्गचा वाद मिटवायला हे गाव बरं, कारण उपनगरं धरली तर वस्तीने ते पिट्सबर्गहून लहान आहे. तरीही मिलवॉकीच्या ब्रुअर्सनी यंदा ९७ सामने जिंकले, तीस संघांत सर्वाधिक. पायरेट्स ७१. गेल्या आठपैकी सात हंगामांत ब्रुअर्स ऑक्टोबरच्या बाद फेरीत गेले. मोहरे तेही विकतात. कॉर्बिन बर्न्ससारखा साय यंगवाला पिचर त्यांनी करार संपायच्या आधी बाल्टिमोरला देऊन टाकला. पण विकल्यावर जागा मोकळी राहत नाही. गरीब घरातही स्वयंपाक नेटका असतो, हे दाखवायला हे एक घर पुरे. आणखी एक: इथल्या स्टँडच्या अगदी शेवटच्या रांगेत, खांबाआड, संघाचे समालोचक बॉब युकर यांचा पुतळा बसवलाय. युकर स्वतःवरच विनोद करत, म्हणून पुतळ्यालाही मुद्दाम सर्वांत भिकार जागा. वर्षाच्या सुरुवातीला ते वारले. विटांच्या ढिगानंतर हा पुतळा बघितला की माणसं ओळखणं म्हणजे काय ते कळतं, आणि त्याला पैसा लागत नाही.

तुम्ही म्हणाल, ब्रुअर्सनी तरी काय जिंकलं? वर्ल्ड सिरीज कधीच नाही, आणि यंदा डॉजर्सनी त्यांना चार सामन्यांत गुंडाळलं. खरं आहे. पैशाचा डोंगर शेवटी आडवा येतोच. पण पिट्सबर्गचा चाहता करंडक मागत नाही. त्याला ऑक्टोबरमध्ये खेळणारा संघ हवा आहे, आणि ते या खर्चात जमतं हे त्याने डोळ्यांनी पाहिलंय. २०१३ ते २०१५ ही तीन वर्षं, त्याच मालकाच्या हाताखाली, घरी घडवलेल्या पोरांवर. १ ऑक्टोबर २०१३ ला सिनसिनाटीचा पिचर जॉनी क्युएटो उभा राहिला, तेव्हा काळे कपडे घातलेलं अख्खं मैदान त्याच्या नावाचा लांबलचक हेल काढून ओरडत होतं. त्याच्या हातून चेंडू निसटून जमिनीवर पडला, आणि पुढच्याच चेंडूवर रसेल मार्टिनने होम रन मारला. पुढच्या दोन वर्षी संघ बाद फेरीत एकेक सामना खेळून बाहेर पडला, २०१५ ला तर ९८ विजय मिळवूनही. त्या पराभवांबद्दल चाहते आजही हळहळतात, चिडत नाहीत. चीड आली ती २०१८ च्या जानेवारीत, दोन-तीन दिवसांच्या अंतराने त्या पोरांपैकीच गेरिट कोल आणि अँड्र्यू मॅकचन विकले गेले तेव्हा. हा फरक लक्षात घेतला तर चाहत्याला नुसतंच जिंकायचं असतं, हा समज टिकत नाही.

म्हणून त्याच्या आशेलाही मी वेडेपणा म्हणणार नाही. तिच्यात आकडे आहेत. स्कीन्स २०२९ च्या हंगामापर्यंत संघाच्या ताब्यात आहे. २०२४ मध्ये नवव्या क्रमांकावर निवडलेला कॉनर ग्रिफिन अवघा १९ वर्षांचा आहे आणि सगळ्या देशातल्या उगवत्या खेळाडूंत अग्रभागी गणला जातो. मे महिन्यात सूत्रं हाती घेतलेला प्रशिक्षक डॉन केली पिट्सबर्गचाच आहे. भिंतीवरचं क्लेमेंटेचं ते चिन्ह म्हणजे काय, हे त्याला समजावून सांगावं लागणार नाही. आणि १ डिसेंबर २०२६ ला खेळाडू-मालकांचा करार संपतो. पगाराची मर्यादा येते का, यावर तेव्हा रणकंदन होईल. वरची मर्यादा आली तर मालक खूश होतील. चाहत्याला मात्र खालची मर्यादा हवी आहे, की इतका खर्च तुम्ही केलाच पाहिजे. ती मागणी मालकांच्या तोंडून निघणार नाही, हे त्यालाही ठाऊक आहे.

म्हणजे स्कीन्सचे उरले चार हंगाम. एवढ्या वेळात दोन चांगले फलंदाज मिळाले, तरी दहा-दहाचा तो आकडा पंधरा-पाचवर जाईल. न मिळाले तर १३ ऑक्टोबरची भिंत आहेच.

बाकी क्षेम. मामींना नमस्कार. रणजीत महाराष्ट्राचे गुण किती झाले ते उत्तरात न विसरता लिहा.

आपला,
श्री